दोन ग्राफिक्स चिप्सच्या लॅपटॉपवर जुनं सिम्युलेटर: अडतं कुठे आणि सोडवायचं कसं

जुनं सिम्युलेटर नव्या लॅपटॉपवर टाकलं आणि नुसता काळा पडदा आला, कॉकपिटबाहेरचं धुकं गायब झालं, किंवा भारी कार्ड असूनही चित्र अडखळत चाललं, की पहिला संशय कार्डाच्या ताकदीवर जातो. तो बहुतेक वेळा खोटा ठरतो. २००१ चं मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर ज्या संगणकांसाठी लिहिलं गेलं, त्यांच्या कितीतरी पट ताकद आजच्या साध्या इंटिग्रेटेड चिपमध्येही असते. घोळ वेगळाच आहे. लॅपटॉपमध्ये चिप्स दोन आहेत, एक प्रोसेसरमध्येच असलेली इंटिग्रेटेड आणि दुसरी म्हणजे वेगळं डेडिकेटेड कार्ड, आणि हे प्रोग्रॅम लिहिले गेले तेव्हा संगणकात कार्ड एकच असायचं. आपण कुठल्या चिपवर चालावं हे त्यांना ठरवताच येत नाही. त्यांच्या वतीने ते विंडोज ठरवते, नाहीतर ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर), आणि दोघांचं दर वेळी जुळतंच असं नाही.

म्हणून कुठलीही सेटिंग बदलण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळवा. प्रोग्रॅम आत्ता कुठल्या चिपवर चालतोय? आणि चित्र काढायला तो काय वापरतो: डायरेक्टएक्सची कुठली आवृत्ती, ओपनजीएल, की ग्लाइड? (चित्र काढायच्या आज्ञांच्या अशा संचाला एपीआय म्हणतात.) ही उत्तरं नसताना ड्रायव्हर बदलले, कम्पॅटिबिलिटीच्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या, इकडून तिकडून डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या कोडच्या फाइली) आणून टाकल्या, तर मूळ बिघाड नव्या तीन बिघाडांखाली गाडला जातो. पुढची सगळी माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आत काय घडतं

बहुतेक दोन चिप्सच्या लॅपटॉपमध्ये स्क्रीनची तार इंटिग्रेटेड चिपला जोडलेली असते. डेडिकेटेड कार्ड चित्र तयार करतं, ते इंटिग्रेटेड चिपच्या मेमरीत उतरवलं जातं आणि तिथून स्क्रीनवर जातं. एनव्हिडियाने २०१० मध्ये आणलेली ऑप्टिमस पद्धत ती हीच. काही लॅपटॉपमध्ये मक्स नावाचा स्विच असतो. त्याने स्क्रीन थेट डेडिकेटेड कार्डाला जोडता येते. तो आहे की नाही ते बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) किंवा उत्पादकाच्या कंट्रोल अ‍ॅपमध्ये पाहा. असेल तर जुन्या सॉफ्टवेअरची निम्मी डोकेदुखी तिथेच मिटते, कारण विंडोजला मग खरोखरच एक कार्ड दिसतं, जसं या प्रोग्रॅमना अपेक्षित असतं.

मक्स नसेल तेव्हा मात्र जुना प्रोग्रॅम ‘पहिलं कार्ड द्या’ एवढंच म्हणतो, आणि पहिलं कार्ड म्हणजे स्क्रीन जिला जोडली आहे ती चिप. डेडिकेटेड कार्डावर न्यायचं असेल तर ड्रायव्हरला किंवा विंडोजला मध्ये पडून ती मागणी वळवावी लागते. नव्या प्रोग्रॅमच्या बाबतीत हे सहज जमतं. जुन्या प्रोग्रॅमच्या बाबतीत कधी ड्रायव्हर त्याला ओळखतच नाही, तर कधी नुसता लाँचर (खरा प्रोग्रॅम सुरू करून देणारी फाइल) ओळखला जातो आणि खरा प्रोग्रॅम निसटतो.

एक सल्ला सर्रास दिला जातो: डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन इंटिग्रेटेड चिप बंद करा, म्हणजे सगळं कार्डावर जाईल. मक्स नसलेल्या लॅपटॉपवर हे करू नका. स्क्रीनची तार त्या चिपलाच आहे. ती बंद केली की विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ वर उतरते, आणि डेडिकेटेड कार्डाला चित्र पोचवायला रस्ताच उरत नाही. उलटा प्रयोग मात्र कामाचा आहे. डेडिकेटेड कार्ड तात्पुरतं डिसेबल करून प्रोग्रॅम चालवा. तो नीट चालला तर प्रोग्रॅम शाबूत आहे, फाइली शाबूत आहेत, अडचण कार्डाच्या निवडीत किंवा त्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये आहे हे पाच मिनिटांत कळतं.

पहिलं काम: कुठली चिप

१. प्रोग्रॅम सुरू करा, शक्य असेल तर खिडकीत. टास्क मॅनेजर उघडून ‘डिटेल्स’ टॅबवर जा.
२. वरच्या मथळ्यांच्या ओळीवर राइट क्लिक करा, ‘सिलेक्ट कॉलम्स’ निवडा आणि ‘जीपीयू’, ‘जीपीयू इंजिन’ व ‘प्लॅटफॉर्म’ हे तीन स्तंभ चालू करा.
३. प्रोग्रॅमच्या ओळीत ‘जीपीयू ० – ३डी’ किंवा ‘जीपीयू १ – ३डी’ असं दिसेल. कुठला क्रमांक कुणाचा, ते ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये नावासकट दिलेलं असतं.

इथे पाहायचं ते प्रोग्रॅमच्या ओळीत, चिपच्या एकूण वापरात नाही. प्रोग्रॅम डेडिकेटेड कार्डावर असला तरी स्क्रीनवर चित्र दाखवायचं काम इंटिग्रेटेड चिपच करत असते, त्यामुळे तिचा आकडा हलताना दिसणारच. प्रोग्रॅमच्या ओळीत जीपीयूचा स्तंभ शून्य आणि सीपीयूचा एक कोअर पूर्ण भरलेला असेल, तर चित्र सॉफ्टवेअरने काढलं जातंय, म्हणजे दोन्ही चिप्स हातावर हात ठेवून बसल्या आहेत. एनव्हिडिया कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलच्या ‘डेस्कटॉप’ मेनूतून नोटिफिकेशनच्या जागी एक छोटं चिन्हही लावता येतं; त्यावर क्लिक केलं की त्या कार्डावर चाललेल्या प्रोग्रॅमची नावं दिसतात.

दुसरं काम: कुठलं ग्राफिक्स

वर्षावरून अंदाज बांधता येतो. १९९८ ते २००० च्या आसपासचं सॉफ्टवेअर डायरेक्टड्रॉ किंवा डायरेक्टएक्स ५ ते ७ वर असतं, काही थ्रीडीएफएक्स या जुन्या कार्ड-कंपनीच्या ग्लाइडवर. त्यानंतरची दोन-तीन वर्षं डायरेक्टएक्स ८ ची, मग बराच काळ ९ चा. फ्लाइट सिम्युलेटर एक्स २००६ चं, मुळात डायरेक्टएक्स ९ चं; त्यातला डायरेक्टएक्स १० चा पर्याय ‘प्रिव्ह्यू’ म्हणूनच दिला होता, तो सुरुवातीला बंद ठेवा. एक्स-प्लेनच्या जुन्या आवृत्त्या ओपनजीएलवर आहेत.

अंदाजावर थांबू नका. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस एक्सप्लोरर घ्या, प्रोग्रॅम निवडा, खालच्या भागात डीएलएलची यादी चालू करा आणि पाहा: डीड्रॉ, डी३डी८, डी३डी९, की ओपनजीएल३२? एकाहून जास्त दिसली तर गोंधळू नका. डीड्रॉ ही फाइल पुष्कळ प्रोग्रॅम नुसती व्हिडिओ मेमरी मोजायला किंवा सुरुवातीची चित्रफीत दाखवायला उघडतात. तिच्याबरोबर डी३डी९ असेल तर खरं काम डी३डी९ करते आहे असं धरून चाला.

‘प्लॅटफॉर्म’ स्तंभात ‘३२-बिट’ आहे का तेही टिपून ठेवा. जुनी सिम्युलेटर्स जवळजवळ सगळी ३२-बिट असतात, आणि पुढे रॅपर (जुन्या आज्ञा आजच्या कार्डाला समजतील अशा करून देणारी मधली डीएलएल) टाकताना नेमकी इथेच चूक होते.

ग्राफिक्सचा वाटणारा, पण ग्राफिक्सचा नसलेला बिघाड

प्रोग्रॅम क्षणभर टास्क मॅनेजरमध्ये दिसून कुठलाही संदेश न देता गायब होत असेल, तर ग्राफिक्सला हात लावण्याआधी या गोष्टी निस्तरा.

डिस्कवरून आलेल्या बऱ्याच सॉफ्टवेअरला सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण होतं. विंडोज १० त्याचा ड्रायव्हर चालवतच नाही, आणि त्याआधीच्या विंडोजवर मायक्रोसॉफ्टने तो सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने बंद केला. असा प्रोग्रॅम कुठल्याही चिपवर उघडणार नाही. उपाय म्हणजे उत्पादकाचा संरक्षण काढलेला अधिकृत पॅच, किंवा त्याच सॉफ्टवेअरची डिजिटल आवृत्ती. कार्डाच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

‘डी३डीएक्स९_’ ने सुरू होणारी अमुक डीएलएल सापडत नाही असा संदेश आला, तर मायक्रोसॉफ्टचं ‘डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम्स, जून २०१०’ हे पॅकेज बसवा. या फाइली विंडोज १० किंवा ११ बरोबर येत नाहीत. या पॅकेजमुळे नवं डायरेक्टएक्स १२ खाली येत नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. एकेक डीएलएल देणाऱ्या अनोळखी साइटवरून ती फाइल आणू नका: आवृत्ती चुकीची निघते, आणि आत आणखी काय असेल सांगता येत नाही.

डायरेक्टप्ले मागितलं तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ मध्ये ‘लेगसी कॉम्पोनंट्स’ खाली ते चालू करा.

चौथी गोष्ट सगळ्यात फसवी. प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’ मध्ये बसवलेला असेल आणि तो आपली कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहीत असेल, तर विंडोज ते लेखन गुपचूप तुमच्या प्रोफाइलमधल्या ‘अ‍ॅपडेटा > लोकल > व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरकडे वळवते. तुम्ही एक फाइल बदलता, प्रोग्रॅम दुसरीच वाचतो, आणि ‘काहीही केलं तरी फरक पडत नाही’ अशी अवस्था येते. सरळ मार्ग हा की जुनी सिम्युलेटर्स सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘सिम्स’ सारखं फोल्डर करून तिथेच बसवावीत.

चिप ठरवणं

आधी कुठली चिप हवी ते ठरवा. डेडिकेटेड कार्डच चांगलं असं डोळे मिटून धरू नका. डायरेक्टएक्स ७ आणि त्याआधीच्या सॉफ्टवेअरला इंटिग्रेटेड चिप पुरून उरते, आणि चित्र एका मेमरीतून दुसरीत उतरवायची फेरी वाचल्याने तिथे ते अनेकदा जास्त शांतपणे चालतं.

डायरेक्टएक्स ९ ला मात्र एक महत्त्वाचा अपवाद आहे. इंटेलच्या १२ व्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या इंटिग्रेटेड चिपच्या ड्रायव्हरमध्ये डायरेक्टएक्स ९ चा थेट आधार नाही. तिथे डायरेक्टएक्स ९ च्या आज्ञा मायक्रोसॉफ्टच्या ‘डी३डी९ऑन१२’ या थरातून डायरेक्टएक्स १२ मध्ये बदलल्या जातात. साध्या प्रोग्रॅमना ते चालून जातं. पण सावल्या आणि पाण्याचे शेडर (रंग-प्रकाशाचं गणित करणारे छोटे प्रोग्रॅम) भरपूर वापरणाऱ्या सिम्युलेटरमध्ये झटके आणि चुकीचे रंग दिसू शकतात. अशा लॅपटॉपमध्ये दुसरी चिप एनव्हिडियाची असेल, तर डायरेक्टएक्स ९ चं सॉफ्टवेअर तिच्यावरच न्या. तिचा ड्रायव्हर ते थेट चालवतो.

विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून निवड विंडोजमध्येच करता येते:

१. सेटिंग्ज > सिस्टिम > डिस्प्ले > ग्राफिक्स.
२. डेस्कटॉप अ‍ॅप जोडायचा पर्याय घेऊन ‘ब्राउझ’ ने ईएक्सई (प्रोग्रॅम सुरू करणारी) फाइल निवडा.
३. ‘ऑप्शन्स’ मध्ये ‘पॉवर सेव्हिंग’ म्हणजे सहसा इंटिग्रेटेड, ‘हाय परफॉर्मन्स’ म्हणजे डेडिकेटेड. खाली चिपचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचूनच सेव्ह करा.
४. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून परत उघडा आणि टास्क मॅनेजरमध्ये पुन्हा पाहा.

चौथी पायरी टाळू नका. सेटिंग केली म्हणजे लागू झाली असं नसतं, आणि न लागण्याचं नेहमीचं कारण एकच: निवडलेली फाइल लाँचरची होती. शॉर्टकट ज्या ईएक्सईकडे बोट दाखवतो ती पुष्कळदा नुसती मेनू दाखवून दुसरी ईएक्सई सुरू करते. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये, चित्र चालू असताना ज्या ओळीत जीपीयूचा आकडा हलतोय, तिच्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या आणि तीच फाइल यादीत टाका. ही नोंद फाइलच्या पूर्ण पत्त्याला बांधलेली असते. फोल्डर हलवलं की नोंद गेली.

एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्येही ‘मॅनेज ३डी सेटिंग्ज > प्रोग्रॅम सेटिंग्ज’ इथे प्रत्येक प्रोग्रॅमसाठी चिप निवडता येते. दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं, तर डायरेक्टएक्सच्या प्रोग्रॅमसाठी विंडोजचं चालतं. ओपनजीएलची गोष्ट निराळी: विंडोजची ती यादी त्याला भरवशाने लागू होत नाही, तिथे कंट्रोल पॅनेलमधली ‘ओपनजीएल रेंडरिंग जीपीयू’ ही ओळच बघावी लागते. ‘ऑटो’ ऐवजी कार्डाचं नाव निवडा.

ओपनजीएल प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये ‘जीडीआय जेनेरिक’ आणि आवृत्ती १.१ असं दिसलं तर दोन्ही ड्रायव्हरांपैकी एकाशीही गाठ पडलेली नाही. विंडोजचा सॉफ्टवेअर रेंडरर चालू आहे. तेव्हा लॅपटॉप उत्पादकाचा ड्रायव्हर नव्याने बसवा. याच्या उलट, प्रोग्रॅम उघडताक्षणी कोसळत असेल आणि तो २००२ च्या आधीचा असेल, तर ओपनजीएलच्या विस्तारांची (ड्रायव्हर देत असलेल्या जादा सोयींची) यादी हे कारण तपासा. त्या काळी ही यादी छोटी असायची आणि प्रोग्रॅमने तिला ठरावीक जागा राखलेली असायची. आजचा ड्रायव्हर त्याहून कितीतरी लांब यादी देतो, ती जागेबाहेर सांडते आणि प्रोग्रॅम पडतो. एनव्हिडिया प्रोफाइल इन्स्पेक्टर या मोफत साधनात ही यादी तोकडी करायची सेटिंग आहे. दोन्ही चिप्सच्या यादीची लांबी वेगळी असते, म्हणून एकीवर पडणारा प्रोग्रॅम दुसरीवर उघडूही शकतो. तो प्रयोग आधी करा.

जुनी कॉन्फिग पुसणं

पुष्कळ सिम्युलेटर्स पहिल्या वेळी दिसलेल्या कार्डाचं नाव आणि रिझोल्यूशन लिहून ठेवतात. चिप बदलली की ती नोंद खोटी होते. फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये हे स्पष्ट दिसतं. ‘अ‍ॅपडेटा > रोमिंग > मायक्रोसॉफ्ट > एफएसएक्स’ मधल्या ‘एफएसएक्स.सीएफजी’ या फाइलमध्ये कार्डाच्या नावाचे वेगळे विभाग असतात, आणि एका लॅपटॉपवर दोन्ही चिप्सचे विभाग जमलेले सापडतात. चिप बदलल्यानंतर ही फाइल पुसू नका, तिचं नाव बदला. प्रोग्रॅम पुढच्या वेळी नवी तयार करतो, आणि जुनीतल्या हाताने केलेल्या नोंदी एकेक करून परत आणता येतात.

या सिम्युलेटरबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या. त्याचा मुख्य भार सीपीयूच्या एका कोअरवर असतो. डेडिकेटेड कार्ड १५ टक्के वापरात दिसतंय आणि सेकंदाला फ्रेम तरी वीसच मिळतायत, तर कार्ड सीपीयूची वाट पाहत आहे. तिथे चिप बदलून काही मिळणार नाही. रहदारी, ऑटोजेन झाडं-घरं आणि ढग कमी करा. फरक लगेच दिसेल.

आणि मेमरी. ३२-बिट प्रोग्रॅमला पत्त्यांची जागा मूळची २ जीबी, ‘लार्ज अ‍ॅड्रेस अवेअर’ ही खूण असेल तर ६४-बिट विंडोजवर ४ जीबी. डायरेक्टएक्स ९ मध्ये टेक्स्चरची (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांची) एक प्रत बहुधा याच जागेत ठेवली जाते. त्यामुळे कार्डावर ८ जीबी मेमरी मोकळी पडलेली असताना प्रोग्रॅम ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून बंद पडतो, आणि ते पूर्णपणे सुसंगत आहे. ४०९६ पिक्सेलच्या टेक्स्चरऐवजी १०२४ ची टेक्स्चर वापरणं हाच तिथे खरा उपाय.

पडदा, रंग आणि फ्रेम

ईएक्सईच्या ‘प्रॉपर्टीज > कम्पॅटिबिलिटी’ मधल्या खुणा एका वेळी एकच करायच्या, आणि प्रत्येकीमागचं कारण माहीत असायला हवं. ‘रिड्यूस्ड कलर मोड’ त्या प्रोग्रॅमसाठी, ज्याला १६-बिट किंवा ८-बिट रंग लागतात. विंडोज ८ पासून हे रंग खरे नसून सोंग आणून दिलेले असतात. ‘डिसेबल फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन्स’ पडदा काळा राहणं किंवा ऑल्ट-टॅबनंतर चित्र न परतणं यासाठी. चित्र स्क्रीनबाहेर जात असेल किंवा माउसचा टोक वेगळ्या जागी आणि क्लिक वेगळ्या जागी होत असेल, तर ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ मध्ये ‘ओव्हरराइड हाय डीपीआय स्केलिंग’ वर खूण करून स्केलिंगचं काम ‘अ‍ॅप्लिकेशन’ ला द्या. विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ चा मोड शेवटी, तोही प्रोग्रॅम विंडोजची आवृत्ती पाहूनच नकार देत असेल तरच. तो मोड प्रोग्रॅमला खोटी आवृत्ती सांगतो आणि आणखीही काही वर्तन बदलतो, मग काय कशामुळे झालं ते उलगडत नाही.

लॅपटॉपची स्क्रीन १४४ हर्ट्झची असेल तर सेटिंग्ज > डिस्प्ले > अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले मध्ये ६० करून पाहा. जुन्या सिम्युलेटरमध्ये भौतिकशास्त्राचं गणित पुष्कळदा फ्रेमला बांधलेलं असतं: फ्रेम वाढल्या की गाडी रुळावर थरथरते, गिअर अडकतो, कॅमेरा सुसाट पळतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या प्रोग्रॅम सेटिंग्जमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ ६० ठेवला तरी तोच परिणाम मिळतो, पण फक्त प्रोग्रॅम त्या कार्डावर असेल तेव्हा.

रॅपर: बहुतेक वेळा इथेच सुटतं

वरचं सगळं करूनही पांढरी टेक्स्चर, नाहीसं धुकं, जमिनीवर लुकलुकणारे पट्टे राहिले, तर कारण हे की जुन्या कार्डांतल्या काही सोयी आजच्या ड्रायव्हरांनी सोडून दिल्या आहेत: पॅलेटवर चालणारी ८-बिट टेक्स्चर, टेबल फॉग (धुकं काढायची पद्धत), डब्ल्यू-बफर (कुठली वस्तू पुढे, कुठली मागे हे ठरवायची पद्धत). कुठलीही सेटिंग त्या परत आणत नाही. रॅपर मात्र त्यांची नक्कल करतो: जुन्या डीएलएलच्या नावाने प्रोग्रॅमसमोर उभा राहतो, आज्ञा घेतो आणि आधुनिक भाषेत कार्डाकडे पाठवतो. दोन चिप्सच्या लॅपटॉपवर याचा दुसरा फायदा असा की विंडोजला आता समोर डायरेक्टएक्स ११ चा प्रोग्रॅम दिसतो, आणि चिप निवडायची सेटिंग त्याला नीट लागू पडते.

ग्लाइड आणि डायरेक्टएक्स १ ते ८ साठी आमची पहिली पसंती डीजीव्हूडू २. पायऱ्या:

१. ते लेखकाच्या मूळ पानावरूनच घ्या आणि झिप दुसरीकडे उलगडा. अँटिव्हायरस कधी कधी उगाच ओरडतो. मूळ पानाचा आग्रह त्यासाठीच.
२. ‘एमएस’ फोल्डरमधला ‘एक्स८६’ हा भाग ३२-बिट प्रोग्रॅमसाठी. डायरेक्टएक्स ७ पर्यंत डीड्रॉ आणि डी३डीआयएमएम या दोन डीएलएल, डायरेक्टएक्स ८ साठी डी३डी८ ही एक. ग्लाइडसाठी ‘३डीएफएक्स’ फोल्डरमधल्या.
३. लागतील तेवढ्याच डीएलएल, शिवाय कंट्रोल पॅनेलची ईएक्सई आणि कॉन्फ फाइल, खऱ्या ईएक्सईच्या शेजारी ठेवा. त्या नावाची डीएलएल तिथे आधीच असेल तर तिचं नाव बदलून जपून ठेवा. विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये यांतलं काहीही टाकू नका.
४. कंट्रोल पॅनेल उघडून वरचा कॉन्फिग फोल्डरचा पत्ता याच फोल्डरचा आहे ना ते पाहा. नसेल तर तुम्ही दुसऱ्याच फाइलमध्ये बदल करत बसाल.
५. ‘जनरल’ टॅबमध्ये आउटपुट एपीआय डायरेक्ट३डी ११, आणि अ‍ॅडॉप्टरच्या यादीत ‘ऑल’ ऐवजी हव्या त्या चिपचं नाव. स्केलिंगमध्ये प्रमाण राखणारा पर्याय घ्या, नाहीतर ४:३ चं चित्र ताणलं जातं.
६. ‘डायरेक्टएक्स’ टॅबमध्ये व्हिडिओ कार्ड डीजीव्हूडूचं स्वतःचं आभासी, मेमरी २५६ एमबी, रिझोल्यूशन प्रोग्रॅमच्या हाती. वॉटरमार्क पहिल्या वेळी चालू ठेवा.

कोपऱ्यात वॉटरमार्क दिसला तर रॅपर लागू झाला. मग तो बंद करून टाका. दिसला नाही तर प्रोग्रॅम अजून विंडोजचीच डीएलएल वापरतोय. तेव्हा फोल्डर चुकलंय, ६४-बिटची फाइल गेलीय, किंवा दुसऱ्या कामातला एपीआयचा अंदाज चुकलाय.

मेमरी २५६ एमबी का? जुने प्रोग्रॅम व्हिडिओ मेमरीचा आकडा ३२ बिटांत वाचतात, काही तर चिन्हासकट. २ जीबीच्या पुढचा आकडा त्यांना ऋण दिसतो, आणि आठ जीबीच्या कार्डावर ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश येतो. छोटा आकडा सांगितला की ते सुखाने चालतात.

डायरेक्टएक्स ९ साठी डीएक्सव्हीके हा पर्याय आहे. तो आज्ञा व्हल्कन या नव्या एपीआयमध्ये बदलतो. ३२-बिट फोल्डरमधली डी३डी९ डीएलएल ईएक्सईशेजारी ठेवायची, एवढंच. २.४ आवृत्तीपासून त्यात डायरेक्टएक्स ८ सुद्धा आहे. २.० आणि पुढच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागतं, जुन्या चिपचा ड्रायव्हर तेवढं देत नसेल तर १.१०.३ वापरा. डीएक्सव्हीके मुळात लिनक्ससाठी आहे, विंडोजवर चालतं पण त्याची अधिकृत हमी नाही. चाललं तर इंटेलच्या नव्या चिपवर सुद्धा फरक जाणवतो. मात्र रॅपर स्वतःही प्रोग्रॅमच्या त्याच २ किंवा ४ जीबीत जागा घेतो. आधीच काठोकाठ भरलेल्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सला तो लावला आणि दोन तासांच्या उड्डाणानंतर उतरताना प्रोग्रॅम बंद पडला, तर कारण हेच असू शकतं.

एका वेळी एकच रॅपर. शिवाय फ्रेम मोजणारे, चॅट दाखवणारे, रेकॉर्ड करणारे सगळे ओव्हरले चाचणी संपेपर्यंत बंद ठेवा. तेही याच डीएलएलवर हात टाकतात.

वीज आणि बाहेरचा मॉनिटर

चाचणी नेहमी चार्जर लावून करा. बॅटरीवर डेडिकेटेड कार्डाचा वेग उतरवला जातो, काही लॅपटॉपमध्ये ते बंदच होतं, आणि एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू असेल तर फ्रेम ३० वर अडकवल्या जाऊ शकतात. फ्रेम नेमक्या ३० वर खिळल्या असतील तर आधी तिथेच पाहा.

बाहेरचा मॉनिटर लावल्यावर वागणं बदलत असेल, तर त्याचं पोर्ट वेगळ्या चिपला जोडलेलं आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या ‘कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स’ या पानावर कुठली स्क्रीन कुठल्या चिपला आहे त्याचं चित्र असतं. पोर्ट डेडिकेटेड कार्डाचं असेल, तर तो मॉनिटर मुख्य करून आणि लॅपटॉपची स्क्रीन बंद करून प्रोग्रॅम चालवा: मक्स नसलेल्या लॅपटॉपवर जुन्या प्रोग्रॅमला ‘पहिलं कार्ड’ म्हणून थेट डेडिकेटेड कार्ड मिळवून द्यायचा हा सगळ्यात सरळ मार्ग आहे.

चालायला लागल्यावर

सिम्युलेटरच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: दोन्ही ड्रायव्हरांची आवृत्ती, निवडलेली चिप, कम्पॅटिबिलिटीतल्या खुणा, रॅपरचं नाव व आवृत्ती. कॉन्फ आणि सीएफजी फाइलींची प्रतही तिथेच. विंडोज अपडेट ग्राफिक्स ड्रायव्हर न विचारता बदलू शकते, आणि सिम्युलेटरचा पॅच किंवा ‘रिपेअर’ रॅपरच्या जागी मूळ डीएलएल परत आणू शकतो. चांगलं चालणारं सॉफ्टवेअर एका सकाळी अडलं, तर आधी या फाइलशी ड्रायव्हरची आवृत्ती ताडून पाहा. ती बदललेली असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या चिपच्या ‘प्रॉपर्टीज > ड्रायव्हर’ मध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ चं बटण चालू असतानाच ते दाबा. आधीचा ड्रायव्हर विंडोजने साफ केला की ते बटण फिकं होतं, आणि मग जुनी आवृत्ती लॅपटॉप उत्पादकाच्या पानावरून शोधून आणावी लागते.